एक्सल शिरेना
परवा नेवाशात वेल्डिंगचा वास नाकात शिरला आणि दुष्काळाच्या साली बांधबंदिस्तीवर चालणारा जुना चेनचा ट्रॅक्टर आठवला. त्याचं एक्सलचं भोक झिजून मोठं झालेलं. नगरला न्यायचं काम नाही, मीच करतो, असं मी छातीठोक सांगितलं. भोक वेल्डिंगनं भरलं, गरम असतानाच मापात कोरलं, तर एक्सल अलगद आत गेला. ग्रीस लावायला बाहेर काढला, तोवर रात्र झाली, आणि सकाळी तो शिरेचना. मापं दोनदा घेतली, डोकं चालेना. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हसला, “मिस्त्री, तुमी तर लोहार ना? बैलगाडीची लोखंडी धाव तापवून चाकावर चढवता, निवली की आवळती. तसं हे भोकबी आवळलं!” मला पटलं होतं, तरी तोंडातून निघालं, “भोक बरोबर हाय, एक्सल फुगलाय.” आणि मी चांगला एक्सल कानशीनं घासायला बसलो. का बसलो, ते मला अजून उमगलेलं नाही.