रिठदच्या मायलेकींचा खटला

वाशीमच्या कोर्टात मी गरीब बायांचे खटले फुकट चालवी. पैसे देऊन माझी भाषणं कोण ऐकणार? एकदा रिठदची एक बाई आली. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं होतं आणि तीन वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. तिला मुलगी हवी होती. नवरा कोर्टात म्हणाला, "पोरगी आता मायले वळखत नाही, साहेब."

मी काळा कोट सावरला, हात उंचावले आणि मातृप्रेमावर इंग्रजीत सुरू झालो. अर्ध्या तासाने न्यायाधीशांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, वकीलसाहेब."

वळून पाहतो तर मुलगी बापाजवळून केव्हाच निसटली होती. आई जमिनीवर पाय पसरून बसली होती. पोर त्या पायांवर पालथी झोपली होती आणि आई तिची पाठ थोपटत होती.

न्यायाधीशांनी नवऱ्याला विचारलं, "तुझ्याकडे अशी झोपते?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही साहेब. रोज रडते." मग माझ्यापुढे हात जोडले. "राहू द्या तिले मायजवळ. पण तुमी आता बोलू नका, वकीलसाहेब. उठंल ते."

उरलेलं भाषण गिळून मी हलकेच खाली बसलो.