लाल बाटली आणि आप्पांची माळ

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात चाळीस वर्षं तुळशीची माळ होती. माळ घातली की मटण, मासळी, अंडं सगळं बंद, हे आमच्या बेळगावातल्या शहापुरात कुणाला सांगावं लागत नाही. आप्पा त्याच्याही पुढचे. वाढदिवसाचा केक पुढं आला की आधी मला विचारायचे, "अंडं हाय का गं ह्यात?" मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणून माझा शब्द त्यांना प्रमाण. जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढतात, हा शहाणपणा मीच एकदा त्यांना शिकवला. त्या दिवसापासून माझ्या मुलांना आजोळी जेलीच्या गोळ्या मिळाल्या नाहीत आणि त्यांची बोलणी मला खावी लागली.

गेल्या वर्षी आप्पांच्या घशात गाठ निघाली. मी रजा टाकून माहेरी येऊन राहिले. औषधांनी त्यांच्या तोंडाची चव गेली. पेज पोटात टिकेना, ताक झोंबायचं, इथली सरबतं उलटून पडायची. माझा भाऊ आधी इथंच जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात होता, आता आखातात असतो. तो भेटायला आला तेव्हा तिकडच्या लाल थंड पेयाच्या बाटल्या बॅग भरून घेऊन आला. आप्पांनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि बघता बघता पेला रिकामा केला. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. कितीतरी दिवसांनी ती आनंदानं रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला भरताना मी सवयीनं चष्मा लावून लेबल वाचलं. आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका त्यावर नव्हता. रंगापुढं एकशेवीस हा आकडा होता. तो लाल रंग वाळवलेले किडे कुटून काढतात, हे मला ठाऊक होतं. मी बाटलीचं लेबल भिंतीकडं फिरवलं आणि पेला आप्पांच्या हातात दिला.

त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. साड्या विणण्यात जन्म गेलेला माणूस, रंग पारखल्याशिवाय चैन पडत नसे.

"ह्यो लाल कशाचा गं, बाय? आमच्या आज्याच्या टायमाला रेशमाला किड्याचा लाल असायचा, लाखेचा. असाच दिसायचा म्हणं."

"आणि तुम्ही जन्मभर विणलंत ते रेशीम कशाचं?" विषय उडवायला मी म्हटलं.

"ते अंगावर. हे तोंडात." ते माझ्याकडं बघत राहिले. "काय न्हाय न्हवं ह्यात?"

वर्गात मी साठ पोरांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलते. तेव्हा मात्र मी पेल्याकडं बघत म्हणाले, "काही नाही, आप्पा. साखर आणि रंग."

"बरं. ठेव तिथं. दुपारी पितो."

दुपारी मी औषधं आणायला गेले होते. परत आले तर पेला रिकामा होता आणि आप्पांच्या गळ्याला मफलर होता. भर उन्हाळ्यात मफलर! "आप्पा, बेळगाव आता पहिल्यासारखं थंड राहिलं न्हाय बरं का," मी चेष्टा केली. ते हसले. गाठ झाकायला गुंडाळला असेल, असं मी धरून चालले.

पुढं दीड महिना ते रोज तेच प्यायले. थोडी तरतरी आली, चार शब्द बोलायला लागले. मी मनाची समजूत घालायचे, की पाप लागलंच तर खोटं बोललेल्या मला लागेल, त्यांना नाही. तरी पेला भरताना लेबल रोज भिंतीकडंच फिरवायचे.

एका सकाळी ते गेले. अंघोळ घालायला येळ्ळूरहून त्यांचे भजनातले जुने सोबती आले होते. त्यांनी मफलर सोडला आणि थबकले.

"माळ कुठाय ह्यांची?"

गळ्यावर माळेच्या जागी नुसती फिकट रेघ होती. आईनं देवघरातून रुमालात बांधलेली माळ आणली. सोबत्यांनी हात पुढं केला, पण तिनं ती दिली नाही.

"घालू नका म्हणून सांगून गेल्यात. पाळली न्हाय ती घालून जाऊ नये म्हणाले." मग ती माझ्याकडं वळली. "तू बाटली भिंतीकडं फिरवलीस, तवाच त्यांनी ओळखलं. दुपारी माझ्याकडनं माळ सोडवून घेतली. मी म्हटलं, मग पिऊ नका की. तर म्हणाले, न्हाय प्यालो तर मला कळलंय हे पोरीला कळंल. लई मनाला लावून घेती ती."

आप्पांना तसंच नेलं, मोकळ्या गळ्यानं.