उधळ्या पुत्राच्या पेटीतली काच

“कोट काढ,” मडम म्हणाली.

मी काढला.

“सदरासुद्धा.”

तोही काढला.

जालन्याच्या मिशन बंगल्याचा व्हरांडा. भर सकाळ. खुर्च्यांवर विलायतेहून आलेले पाहुणे, समोर तीन पायांवर उभा केलेला कॅमेरा, आणि कॅमेऱ्यापुढं उघड्या अंगानं मी. मिशनचा तरुण उपदेशक. वय वीस-बावीस. मिशा फुटून राह्यल्या होत्या, अक्कल अजून फुटायची होती.

मडमनं इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात तिचं कुत्रं फाटक्या पोत्यावर झोपलं होतं. मडमनं त्याला आधी लाडानं उठवलं, डोक्यावरून हात फिरवला, त्याची झोप मोडली म्हणून त्याची माफी मागितली. मग ते पोतं उचललं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. माळ्याचा खराटा माझ्या हातात दिला. माझे तेल लावलेले केस आपल्या हातानं विस्कटले.

मी हसलो. मला वाटलं, फोटोत हसायचं असतं.

मिशनचे गोरे साहेब कॅमेऱ्यामागून म्हणाले, “कृपा करून हसू नकोस. तू आता दुःखी आहेस.”

साहेबांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. माझ्याहून शुद्ध. मी लगेच दुःखी झालो. आज्ञाधारक होतो ना.

दुसरा फोटो कोट घालून, भांग पाडून, हातात बायबल घेऊन. “आता हस,” म्हणाले. हसलो. साहेब पाहुण्यांकडं वळून इंग्रजीत बोलले. अंधार आणि उजेड हे दोन शब्द मला कळले. पाहुण्यांतल्या एका बाईनं डोळे पुसले. मला मोठी धन्यता वाटली. माझा फोटो विलायतेला चालला होता! मी स्वतः जालन्याच्या पुढं औरंगाबादपर्यंतसुद्धा गेलेलो नव्हतो.

घरी येऊन दोनदा आंघोळ केली. तरी कुत्र्याचा वास जाईना. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

आता तुम्ही पोरं म्हणाल, बाबा, तुम्ही एवढे बावळट होता? होतो. ऐका.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं काम म्हणजे सायकलवर टांग मारायची आणि बाजाराचं गाव गाठायचं. शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकायच्या. लिंबाखाली उभं राहून ढोलकीवर भजन म्हणायचं. लोक जमायचे, ढोलकी थांबली की पांगायचे. एक म्हातारा दर बाजारी विचारायचा, “बराबर हाय तुमचं समदं, पर तुमचा देव बैलाच्या खुरावर काई औषध देतो का?” मी त्याच्यासाठी प्रार्थना करायचो. बैल लंगडतच राहिला.

तो पांढरा कोट माझी ढाल होती. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर गेलो की शेठ म्हणायचा, “आव मास्तर, बसा.” मग गाव विचारायचा. मग गावात कुठं राहता ते विचारायचा. त्यानंतरचं पाणी वरून ओंजळीत यायचं. कोट तोच, तहान तीच.

पण एका गोष्टीत मी राजा होतो. माझ्याकडं जादूचा कंदील होता. रॉकेलवर जळणारा. पुढं भिंग, मधे काचेवर काढलेलं चित्र सरकवायला फट. समोर पांढरी चादर ताणली की चादरीवर माणसाएवढी चित्रं उभी राहायची. काच त्यात उलटी घालावी लागते, डोकं खाली, पाय वर. तेव्हा चादरीवर चित्र सुलटं दिसतं. त्यामुळं हातातल्या काचेवर काय आहे ते चालवणाऱ्याला नीट दिसतच नाही. तो पेटीतल्या क्रमावर विसंबून एकेक काच घालत जातो आणि तोंडानं गोष्ट सांगतो.

फोटोनंतर पुष्कळ महिन्यांनी मी साहेबांची परवानगी काढून तो कंदील माझ्या गावी नेला. कुंभार पिंपळगावला. महारवाड्यात. अंबडपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. उधळ्या पुत्राच्या गोष्टीची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. पोर बापाकडून वाटा मागून घेतो, उधळतो, डुकरं राखतो, शेवटी घरी येतो. त्या पेटीत मागच्या टपालानं विलायतेहून आलेल्या दोन काचा मडमनं रिकाम्या जागा पाहून ठेवल्या होत्या. मला काय ठाऊक!

मायनं अंगण सारवून ठेवलं होतं. माय मिशनची नव्हती. माझा बाप गेला तेव्हा तिनंच मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. म्हणाली होती, “येशू म्हण, काय बी म्हण, पर पोटभर खा अन् शीक.” त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून अगदी पुढं बसली. येईल त्याला सांगत होती, “माझं लेकरू दिवा लावनार हाय.”

दिवस मावळला. गावातलेही काही लोक आले आणि लांब, वेगळे उभे राहिले. त्यांच्यात पाटलाचा पुतण्या. माझ्याच वयाचा.

मी रंगात आलो. आवाज चढवला. “अन् मंडळी, बापाला सोडून गेलेल्या त्या पोराचे काय हाल झाले, बघा डोळ्यांनी!”

काच सरकवली.

चादरीवर मी.

उघडा. खांद्यावर पोतं. हातात खराटा. केस विस्कटलेले. दुःखी.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. वाटलं, चित्रकारानं पोर हुबेहूब काढलंय. मग तो खराटा ओळखला. काच काढायला हात उचलेना.

पाटलाचा पुतण्या ओरडला, “अरारारा! कोट घालून आल्ता, अन् पोत्यात निघाला की रं! मिशनानं बराबर ओळखला!”

लांबचे लोक हसले. मोठ्यांदा. आमचे लोक हसले नाहीत. ते खाली बघत राहिले. ते जास्त लागलं.

माय उठली. चालत चादरीपाशी गेली. माझं चित्र तिच्या पाठीवर पडलं. तिनं चादरीवरच्या पोत्यावर हात ठेवला.

“हे कुनाचं रं?”

मी कंदिलाच्या वातीकडं बघितलं.

“तुलाच इचारून राह्यले. हे आपल्या घरातलं न्हाई. कुनाचं हाय?”

“मडमच्या कुत्र्याचं.”

हसणं थांबलं. पुतण्याचंसुद्धा.

माय माझ्याकडं वळली. उजेडानं तिचे डोळे बारीक झाले होते. “तुला एकच सदरा व्हता. धुतला की वाळंस्तोवर तुला माझ्या लुगड्यात गुंडाळून घरात बशिवत हुते. पर फाटक्यात उंबऱ्याभाईर सोडला न्हाई. कंदीच न्हाई. अन् तू कुत्र्याचं पांघरून जगाला सांगून राह्यला, का माझ्या मायनं मला असं ठिवलं?”

 

मी वात खाली केली. लोक अंधारात उठून गेले. माय घरात गेली. सकाळी तिनं भाकरी बांधून दिली आणि पाठ फिरवली. “जाऊ का, माय?” म्हणालो. म्हणाली, “जा. तो दिवा हितं आनू नको.”

परतीच्या बैलगाडीत लाजेनं मान वर होत नव्हती. पण लाजेच्या खाली दुसरं काहीतरी हळूहळू तापत होतं. साहेबानं आमच्या पाटलाच्या पुतण्याला कधी पाहिलं नव्हतं. पुतण्यानं साहेबाला पाहिलं नव्हतं. तरी दोघांना मी एकाच पोत्यात हवा होतो. एकाला हसायला, दुसऱ्याला डोळे पुसायला. आणि दोघांच्या मधे माझी माय उभी होती, दोघांनी न पाहिलेली.

जालन्याला पोचलो तेव्हा बंगल्यावर नवे पाहुणे आले होते. या वेळी चालतीबोलती चित्रं काढणारं यंत्र होतं. साहेब खुशीत होते.

“आधी ते पोतं पांघरून चालत ये,” ते म्हणाले, “मग कोट घालून. तुझी ती काच तिकडे फार आवडली.”

मडमनं कुत्र्याला उठवायला हात पुढं केला.

“राहू द्या त्याला,” मी म्हणालो. “झोपलंय. मी पोतं घेणार नाही.”

साहेबांना वाटलं, उन्हाचं म्हणतोय. “सावलीत काढू.”

“सावलीत न्हाई, उन्हात न्हाई. मी असा कधीच नव्हतो. माझ्या मायनं मला असं ठेवलं नव्हतं.”

“तो केवळ एक दृष्टान्त आहे,” साहेब म्हणाले.

“येशूनं दृष्टान्तासाठी कुणाचे कपडे उतरवले न्हाईत, साहेब.”

पाहुण्यांचं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं. मडम लाल झाली. “आम्ही तुला शिकवलं. खाऊ घातलं. ही कृतज्ञता?”

खोटं कशाला सांगू. पळून जावंसं वाटत होतं. आयुष्यभर माझे पाय मोठ्या माणसापुढं वाकले, आणि त्या दिवशीही गुडघे सवयीनं वाकायला बघत होते. मी व्हरांड्याचा खांब धरला आणि उभा राहिलो.

“शिकवलं, ते खरं. त्याचे उपकार हायेत. पण शिकवल्याबद्दल माझ्या मायची अब्रू मागू नका.”

“उपदेशकाच्या अंगी नम्रता हवी,” साहेब म्हणाले. आवाज थंड होता. “नाहीतर हे काम तुझ्यासाठी नाही.”

“मग न्हाई.”

काम गेलं. मिशनच्या आवारातली खोली गेली. ओळखीचे लोक म्हणाले, माफी माग, बिलकुल माफ करतील, देवमाणसं आहेत. मी मागितली नाही. बदनापूरला शेतावर रोजानं राबलो, स्टेशनावर पोती वाहिली, मग कुठं प्राथमिक शाळेत मास्तर झालो. येशूला मी सोडलं नाही. त्याच्या आणि माझ्यामधला बंगला सोडला.

आजही चांगली माणसं येतात. टोपी काढून, हळू आवाजात विचारतात, तुमचे लहानपणी फार हाल झाले असतील, नाही? झाले. उपास झाले. मार झाला. पाणी वरून प्यालो. ते सगळं मी सांगीन. माझ्या तोंडानं, माझ्या मायचं नाव वर ठेवून, मला वाटेल तेव्हा. पण कुणाच्या पुण्यासाठी मी पुन्हा दुःखी चेहरा करणार नाही. माझी माय कोण होती हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं मला अंधारातून काढल्याची गोष्ट सांगू नये.

सांगू लागला, तर भर सभेत उठून त्याला गप्प करीन.