शिफ्टच्या वेळेचं हळदीकुंकू

रांजणगावातला आमच्या दारासमोरचा रस्ता पूर्वी ओलांडता येत होता. आता कंपन्या वाढल्या, तशा कामगारांच्या भाड्याच्या खोल्याही वाढल्या आणि मधून कंटेनर, टँकर, मोटारसायकलींची दिवसभर रीघ. पलीकडच्या मळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. अंतर हाकेचं, पण हाक आता ऐकू जात नाही. गाडीने जायचं तर पार पुढच्या वळणावरून उलटं यावं लागतं, आणि तिथे कायम कोंडी.

मी रीतसर इंग्रजीत अर्ज केला की, रस्त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी पट्टे मारावेत. मारले. फार सुबक मारले. गाड्या त्यांच्यावरून तशाच सुसाट जातात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं वाण मी लग्न झाल्यापासून जाऊबाईंनाच देत आले. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांना रस्ता ओलांडायची बंदीच केली. वाण मीच येऊन नेतो, म्हणाला. मला ते काही पटेना. पहिलं वाण असं पोस्टातल्या पार्सलासारखं पाठवायचं?

दोन दिवसांनी जाऊबाईंचाच फोन आला. हळदीकुंकू किती वाजता, असं विचारलं. नेहमीसारखं दिवेलागणीला, मी म्हटलं.

"तीनला ठेव," त्या म्हणाल्या. "तवा पयली शिफ्ट सुटती. कंपनीच्या बसा वळाय लागल्या की दोन्हीकडचं समदं जागच्या जागी हुबं ऱ्हातं. पोरी तवाच पलीकडं जात्यात. मी वट्यावरनं रोज बघती."

भर उन्हात कसलं हळदीकुंकू, असं शेजारणी कुरकुरल्या. पण मी वेळ बदलली. आमच्या वरच्या खोलीत बिहारची एक मुलगी भाड्याने राहते, ती पहिल्या शिफ्टलाच असते. जाऊबाईंचा हात धरून आण, असं तिला सांगून ठेवलं.

तीन वाजता मी गॅलरीत उभी राहिले. कंपनीच्या बसांपुरत्याच ठेवलेल्या दुभाजकाच्या फटीत बसा एकामागोमाग आडव्या झाल्या, हॉर्नचा कल्लोळ उठला आणि निळ्या युनिफॉर्मचा घोळका रस्त्यात उतरला. कोणी ओडिशाची, कोणी लातूरची. मधोमध हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, एका हातात काठी. रस्त्याच्या मध्यावर जाऊबाई चक्क थांबल्या आणि एका ट्रकवाल्याला काहीतरी सुनावून मगच पुढे निघाल्या.

काय सुनावलं ते त्या मुलीने हसत हसत सांगितलं: "माँ को भी ऐसाच हॉर्न मारता क्या?"

तो घोळका मग घरातच आला. पहिलं वाण जाऊबाईंना दिलं, मग सगळ्यांना. यंदा चहाची गाळणी होती. या गाळणीचं आता काय करायचं, असं बिहारच्या मुलीने विचारलं. चहा, जाऊबाई म्हणाल्या, म्हणून लगेच पातेलं चढवलं.

परतीचा बेतही मी आखून ठेवला होता. जनरल शिफ्टच्या बसा सहाला वळतात. सहाला पाच कमी असताना मी त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या. हॉर्न सुरू झाले.

"चला, जाऊबाई. बसा वळताहेत."

त्यांनी रिकामा कप माझ्यापुढे सरकवला.

"वळू दे. रातच्या शिफ्टच्या बी असत्यात की. आन् त्या चुकल्या तर सकाळच्या."

मी त्यांच्या मुलाला फोन लावला आणि कपाटातून जादाची गादी काढली.