काश्यपगोत्री शॉर्टस्टॉप

विघ्नहर्त्या गजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून, आज सकाळी सर्वपित्री अमावास्येचे तर्पण आटोपून आता रात्री, हे लिहायला बसलो आहे. ज्याच्याविषयी लिहायचे तो माझा पुत्र नव्हे, पौत्र नव्हे, शिष्यही नव्हे. तो जपानमधल्या कावासाकी शहरातील एका कारखान्याच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून जमिनीलगत येणारा चेंडू असा टिपायचा, की पाहणाऱ्याने नकळत हात जोडावेत. त्याचे नाव तर्पणात घेतले, तेवढे पुरे. येथे लिहीत नाही.

जपानातल्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी, येथे नोकरीला असलेल्या मुलाला आम्ही पुण्याला परत ये म्हणून पुष्कळ विनवले. तो आला नाही. तेव्हा पुढे पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर मीच त्याच्याकडे येऊन राहिलो. दुपार सरता सरत नसे. खालच्या मजल्यावरचे वृद्ध शेजारी त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. मला ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणत. एके दिवशी त्यांनी मला मैदानावर नेले.

शॉर्टस्टॉपने चेंडू फटकावला, बॅट बाजूला टाकली आणि तो धावत सुटला. जन्मभर क्रिकेट पाहिलेला मी ताडकन उभा राहिलो. “अरे बॅट! बॅट घेऊन पळ! क्रीझमध्ये टेकवशील काय?”

सगळे स्टँड माझ्याकडे वळले. पहिल्या बेसवर पोहोचलेल्या त्या मुलाने मात्र हेल्मेट काढले आणि माझ्या दिशेने कमरेत वाकून नमस्कार केला. भारतातून आलेल्या वृद्धाने मंत्र म्हटला, अशी त्याची समजूत झाली असावी. शेजाऱ्यांची तर निश्चित झाली. त्यानंतर तो फलंदाजीला आला, की ते मला कोपराने ढोसत. “सेन्सेई, तो मंत्र!” आणि मी, व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवलेला मनुष्य, भर मैदानात “बॅट घेऊन पळ” असा घोष करीत असे. तो हसत बॅट टाकून पळे.

गेल्या हिवाळ्यात तो अल्पशा आजाराने गेला. तिशीही गाठली नव्हती. अंत्यविधी केवळ कुटुंबीयांपुरता झाला. येथे पुष्कळ घरांत तशी रीत आहे. वसंतात सामने सुरू झाले. मी दारात जाऊन “चला” म्हटले, की शेजारी गुडघा दाखवत. असे सारा उन्हाळा चालले. अखेर सूनबाईने, तिचे जपानी उत्तम, त्यांच्याशी निवांत बोलून खरे काय ते काढले.

“बाबा, गुडघे ठणठणीत आहेत त्यांचे. ते म्हणतात, मी त्याचा कोण? निरोपाला उभं राहायचाही मान नव्हता. मग मैदानात बसून रडायचा हक्क कुठून आणू?”

हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग पितृपक्ष आला, आणि आज अमावास्येच्या सकाळी मी त्यांना वर बोलावले. ते काळा सूट घालून, हातात थंड कॉफीचा डबा घेऊन आले. सामना संपल्यावर शॉर्टस्टॉप तीच कॉफी पीत असे. त्यांनी डबा उघडूनच पाटाशेजारी ठेवला. बंद ठेवला तर तो पिणार कसा?

“बाबा, हे चालेल?” सूनबाईने हळूच विचारले.

“श्रद्धेने आणले आहे. राहू दे.”

काळे तीळ कोपऱ्यावरच्या दुकानातले, दर्भ पुण्याहून आणलेले. पितरांचे तर्पण झाले. मग मी त्याचे नाव घेतले आणि थांबलो. सूनबाईच्या चेहऱ्यावर हसू. “आता गोत्र काय सांगणार? त्याच्या पाठीवर नुसता नंबर होता!”

“गोत्र ठाऊक नसेल, तर काश्यप मानावे असे शास्त्र आहे. कश्यप ऋषी सर्वांचे मूळपुरुष.”

तिने ते शेजाऱ्यांना समजावले. त्यांनी बराच विचार केला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. “माझे गोत्र?”

“तुम्हालाही ठाऊक नाही ना? मग काश्यपच.”

“म्हणजे तो आणि मी एका घरचे?”

“हो.”

त्यांनी ओंजळ पुढे केली. मी दिलेले तीळ तळहातावर घेतले, मी दाखवले तसे अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडले आणि डोळे न पुसता विचारले, “आज सामना किती वाजता?”

दुपारी आम्ही मैदानावर होतो. नव्या शॉर्टस्टॉपच्या पायांमधून चेंडू निसटला, तसे आमचे काश्यपगोत्री उभे राहून गरजले. मला कळले ते एवढेच, की कंबर वाकवायला सांगत आहेत. पुढचा चेंडू पोराने टिपला. शेजारी खाली बसले, मनसोक्त रडले आणि दोन भातगोळे काढून एक माझ्यापुढे धरला. श्राद्धाच्या दिवशी दुसऱ्यांदा जेवत नाहीत, असे मी खुणेने सांगितले. त्यांनी दोन्ही खाल्ले.

वाचकहो, तुमच्या घरी दीर्घायुष्य, आरोग्य आणि अन्न यांची कधी उणीव न पडो. तुमची लेकरे खेळून-बागडून सुखरूप घरी येवोत. आणि ज्यांच्यावर तुम्ही लांबून माया केली, त्यांच्यासाठी रडताना तुम्हाला कोणी परके न म्हणो. शुभं भवतु.