तारा लागल्यात का?

अप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वयंपाक येतो का, नोकरी पुढे करणार का, असलं काही विचारलं नाही. पोहे संपवले, स्टीलची ताटली टीपॉयवर पालथी घातली, दोन चमचे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "सुहास सांगत हुता, तू ड्रम वाजवतीस. रोल येतो का?" माझ्या आईचा चेहरा पडला. मुलगी कॉलेजात ड्रम बडवायची, ही गोष्ट तिने आजवर आलेल्या सगळ्या पाहुण्यांपासून व्यवस्थित लपवली होती. मी चमचे घेतले आणि जमेल तसा रोल, म्हणजे न थांबता तडतडणारा ठेका, वाजवला. अप्पांनी मान खाली घालून ऐकलं आणि निकाल दिला, "हात चांगला हाय. मनगट ढिलं हाय." आईला वाटलं, स्थळ गेलं. तो होकार होता, हे आम्हाला नंतर सुहासच्या फोनवरून कळलं.

अप्पा म्हणजे सुहासचे वडील, माझे सासरे. साताऱ्याकडच्या खेड्यातून सैन्यात गेले आणि सगळी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवण्यात घालवली. हवालदार म्हणून निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि मग ते दिल्लीला आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले. त्यांच्या जगात वस्तू दोनच प्रकारच्या होत्या, कडक आणि ढिल्या. सरोजिनी नगरच्या बाजारात कलिंगड घेताना ते त्यावर बोटांनी अशी थाप मारत की फळवाला कळवळून म्हणायचा, "बाबा, फट जाएगा." गच्चीवरची टाकी, खाटेची नवार, माझ्या पोळ्या, टीव्हीवरचे मंत्री, सगळ्यांना एकच परीक्षा. आणि ढिलं काही दिसलं की ठरलेलं वाक्य यायचं, "चामडं ढिलं तर पलटण ढिली."

आता माझ्या ड्रमबद्दल. मंत्रालयातल्या फायलींपासून आणि घरातल्या कुकरपासून सुटका म्हणून मी चाळिशीत पुन्हा वाजवायला लागले होते. गाझियाबादला तंवर नावाच्या कीबोर्डवाल्याच्या तळघरात आमचा चौघांचा छोटा बँड दर शनिवारी जमायचा. सगळी गाणी संथ, जड चालीची. ड्रमसेटमध्ये मांडीजवळ जो ड्रम असतो, त्याला स्नेअर म्हणतात; अप्पांचा साइड ड्रमही त्याच जातीचा. त्याच्या पोटाखाली बारीक तारांची पट्टी ताणलेली असते, वर काठी पडली की खाली तारा खर्र करतात. माझा स्नेअर लाकडी आणि चांगला खोल होता. तंवरला त्यातून भरलेला, बसका आवाज हवा होता. "मॅडम, मोटी आवाज़ चाहिए, पेट वाली," असं तो आपल्या पोटावर हात मारून सांगायचा.

असा आवाज काढणं ही काही जादू नाही, फक्त चिकाटी लागते. खालचं हेड, म्हणजे चामड्याच्या जागी बसवलेला प्लास्टिकचा पडदा, जरा ताणून ठेवायचं आणि वरचं सैल सोडायचं. ड्रमच्या चावीने कडेचा एक स्क्रू थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, असं करत प्रत्येक स्क्रूजवळ एकसारखा आवाज येईपर्यंत फिरत राहायचं. तारा अगदी आवळायच्या नाहीत. उरलेला टणत्कार मारायला वर जुन्या ओढणीची एक घडी ठेवायची. मग काठी पडली की धप्प असा आवाज येतो, तो आधी पोटात लागतो आणि मग कानात. मला तो जमायला कितीतरी शुक्रवार लागले. ज्या शुक्रवारी जमला, त्या रात्री मी खुशीत झोपले.

शनिवारी ड्रम मांडीवर घेऊन मेट्रो आणि मग ऑटो करत गाझियाबादला पोहोचले, पहिली काठी मारली, आणि आवाज आला टण्ण. पत्र्याचा डबा. तंवरने माझ्याकडे पाहिलं. मी ओशाळून चावी काढली आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून पुन्हा लावायला बसले. घरी येऊन विचारलं तेव्हा अप्पांनी जराही न लाजता सांगितलं की सकाळी बघितला, चामडं लोंबत होतं, म्हणून कसून ठेवला. वर त्यांना वाटलं असावं की मी आभार मानीन.

मी समजावलं. एकदा, दोनदा, हात जोडून. हा परेडचा ड्रम नाही अप्पा, हा बसका आवाज मुद्दाम काढलाय, आमची गाणीच तशी आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ड्रम म्हंजे हुकूम. हुकूम कुणी घसा बसल्यावानी देतं का?" पुढच्या शनिवारी पुन्हा टण्ण. मी चावी लपवली, तर यांनी प्लंबरने विसरलेली पक्कड घेतली. पकडीने स्क्रूची डोकी खरवडली. एका शनिवारी मी निघायच्या आत वरचं हेड कडेने फाटलं, इतकं ताणलेलं होतं. अहो, ते प्लास्टिक आहे, तुमच्या पलटणीच्या ड्रमइतका ताण त्याला सोसत नाही, असं मी ओरडून सांगितलं. शेजारच्या क्वार्टरपर्यंत ऐकू गेलं असेल. अप्पा शांतपणे पेपर वाचत होते. जीव नकोसा केला होता त्या माणसाने माझा. सुहासला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हा दोन ड्रमरच्या मध्ये मी नाही पडत, यार."

शेवटी एकदा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि स्पष्ट म्हटलं, "अप्पा, हा ड्रम माझा आहे." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चामडं तुजं. कान माजे."

आणि या कानांचाच मला सगळ्यात जास्त संताप यायचा. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की अप्पा ढिम्म. ईरा, माझी लेक, "आजोबा, चाय!" म्हणून ओरडायची, तरी ढिम्म. पण सुहासने आपल्या घोगऱ्या आवाजात आतल्या खोलीतून नुसतं "अप्पा" म्हटलं की लगेच "ओ" यायची. मला काय समजायचं ते मी समजले. मुलगा कमावता, त्याला ओ द्यायची; सून काय, बोलतच असते. बाईमाणसाच्या शब्दाला या घरात काडीची किंमत नाही, असं मी सुहासला कितीदा तरी ऐकवलं. तो बिचारा प्रत्येक वेळी कपाळाला हात लावायचा.

अशात तंवरने नोएडाच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरवलं. आमची स्वतःची गाणी, पहिल्यांदाच. मला बाजूला घेऊन त्याने सभ्यपणे पण सरळ सांगितलं, "मॅडम, उस दिन आवाज़ नहीं बनी तो ड्रम कंप्यूटर से डाल देंगे. बुरा मत मानना." बुरा मानायचं नाही म्हणे. आठवड्यातल्या त्या एका दुपारी मी कुणाची मॅडम नसते, सून नसते, आई नसते. तीही आता एका मशीनला देऊन टाकायची होती.

रेकॉर्डिंगच्या महिनाभर आधी एका रविवारी सकाळी मी बाल्कनीत ड्रम लावत बसले होते. अप्पा आंघोळ करून आले, माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि ड्रमवर जवळजवळ कान टेकवून स्क्रूशेजारी काठीने टकटक करू लागले. मी भांडायच्या तयारीत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "तारा लागल्यात का बघ जरा." तारा खालच्या हेडला लागलेल्याच होत्या. प्रत्येक टकटकीला खाली खर्र खर्र वाजत होतं, बाल्कनीभर. मी म्हटलं, लागल्या आहेत. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांनी स्क्रू आणखी आवळला, काठी मारली, मान तिरकी केली. "आता?" पुन्हा आवळला. "आता लागल्या का?"

मला एकेक आठवू लागलं. माझी हाक, ईराची हाक, कुकरची शिट्टी, तारांची खरखर, सगळं बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजाचं. सुहासचा घोगरा आवाज तेवढा पोचत होता. हा माणूस ड्रम बिघडवत नव्हता, हरवलेल्या तारा शोधत होता. जितक्या सापडत नव्हत्या, तितकं कसत होता. मला वाईट वाटलं, हे तर खरंच. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त राग आला. एवढ्या महिन्यांत एकदा म्हणायचं होतं ना, पोरी, ऐकू येत नाही.

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. आयुष्यभर कानाशी ड्रम वाजलेला, बारीक आवाज ऐकण्याची ताकद गेलेली. जाड आवाज अजून येतात. कानातलं मशीन दिलं. ते लावून अप्पा घरी आले, मी दारातूनच ईराला हाक मारली आणि ते दचकून सुहासला म्हणाले, "ही एवढी केकाटती व्हय रं?" पुढच्या सोमवारपर्यंत मशीन डबीत गेलं होतं. भांडी आदळल्यासारखं ऐकू येतं, ही तक्रार. बाकी कानाला काही झालेलं नाही, डॉक्टरला ड्रममधलं काय कळतं, हा निष्कर्ष. मी हात टेकले. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायचं तर मी आवाज खाली, छातीत उतरवून बोलू लागले. शेजारणीला वाटलं, मॅडम किती शांत झाल्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी पाहते तर ड्रम पुन्हा कसलेला. पक्कड शेजारीच. एका स्क्रूचं डोकं इतकं चेपलं होतं की त्यावर चावी बसेचना. माझं डोकंच फिरलं. मी खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "अप्पा, कपडे करा. तंवरला उत्तर तुम्ही द्यायचं." ते खरोखर कोट घालून, मिशी विंचरून तयार झाले. ऑटोत आम्ही दोन टोकांना बसलो. ड्रम मध्ये होता.

स्टुडिओत मी बाकीचे सगळे स्क्रू पुन्हा सोडले. तो चेपलेला काही हलेना. त्या बाजूने आवाज टणटणतच राहिला, म्हणून ओढणीची घडी नेमकी तिथे ठेवली. अप्पांना काचेपलीकडे मोठ्या स्पीकरसमोर बसवलं होतं. मी वाजवलं. एवढ्या रागात मी कधी वाजवलं नव्हतं आणि इतकं चांगलंही बहुधा नाही. वाजवून आत आले तेव्हा तंवर रेकॉर्डिंग परत लावत होता. धप्प, धप्प, खाली भरलेला. "यही, बिल्कुल यही," म्हणत तो माझ्याकडे बघून हसला. माझी जागा राहिली होती. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचा एक हात स्वतःच्या छातीवर होता.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "ढिला हाय."



मग ते सावकाश म्हणाले, "तारा न्हाई येत आता मला, पोरी. लई दिस झालं. पर ह्यो येतोय. ह्यो सगळा येतोय." आणि तंवरला हिंदीत सांगितलं, एक बार और लगाओ.

त्या दिवसानंतर अप्पांनी माझ्या ड्रमला हात लावला नाही. शुक्रवारी लावलेला ड्रम शनिवारी जसाच्या तसा मिळू लागला. मला वाटलं होतं, सुटले. पण कसलं काय, महिनाभरात मला त्याचाच राग यायला लागला. मी बाल्कनीत मुद्दाम वेळ काढत बसायचे, आता येतील, हुकूम आणि पलटण सुरू करतील. अप्पा खाटेवर बसून उन्हाकडे बघत असायचे. कलिंगडावर थाप मारणंही त्यांनी सोडलं होतं. मी चार वेळा टोचून बोलले, तरी भांडेनात.

पुढच्या थंडीत अप्पा गेले. तो चेपलेला स्क्रू बदलून घ्या, असं तंवर अजून म्हणतो. दुकान काही लांब नाही. मी म्हणते, बघू.

पण त्याआधी एका सकाळी मलाच राहवलं नाही. मी ड्रम उचलला, त्यांच्या खाटेजवळ नेला, चावी त्यांच्या हातात दिली आणि माझ्या त्या जाड आवाजात म्हटलं, "अप्पा, तारा लागल्यात का बघा जरा." त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. मग चावी खाटेवर ठेवली, ड्रमच्या पोटाखाली हात घातला आणि तारांवर दोन बोटं टेकवली. मी वर काठी मारली. त्यांची बोटं तिथेच होती. मी पुन्हा मारली.

"लागल्यात," अप्पा म्हणाले. "वाजव."