लंकाबाईने आणलेला खण

गंगापूर रोडवरच्या त्या प्रसूतिगृहात आया दोन. लंकाबाई ऑपरेशन थिएटरची आणि सुलाबाई कळांच्या खोलीची. पगार सारखा, साडी सारखी, पण लंकाबाईच्या लेखी सुलाबाई म्हणजे फडकी धुणारी बाई. तिथली रीत अशी, की बाळ झाल्याची बातमी जी आया वऱ्हांड्यात घेऊन येईल, तिच्या हातावर घरची माणसं खण-नारळ ठेवत. पहिलटकरीण संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही, की म्हातारे डॉक्टर तिला सरळ ऑपरेशनच्या टेबलावर घेत. त्यामुळे लंकाबाईची ट्रंक खणांनी भरली होती आणि नाकही भलतंच वर गेलं होतं.

त्र्याऐंशी साली डॉक्टरांची सून कारभार पाहू लागली. तीही डॉक्टर. तिने नवे नियम आणले. पहिल्या खेपेला पोट उघडलं की पुढच्या खेपेलाही बहुधा उघडावं लागतं, म्हणून पहिलटकरणीला जपायचं. बाळाचे ठोके चांगले असतील तर नुसता उशीर होतोय म्हणून सुरी उचलायची नाही. बाईला चालवा, पाणी पाजा, जवळ माणूस बसवा. झालं, थिएटर आठवडा आठवडा बंद राहू लागलं आणि खण जाऊ लागले सुलाबाईकडे. सुलाबाई नवं पोलकं घालून आली की लंकाबाईला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. दुसरीचं चांगलं बघवत नाही, हा तिचा स्वभाव, आणि तो तिला ठाऊकही होता.

अशात तिची लेक प्रमिला पहिल्या बाळंतपणाला मनमाडहून माहेरी आली. लंकाबाईने भद्रकालीच्या बाजारात जाऊन हिरव्या काठाचा भारी खण आणला. जावई निवृत्ती रेल्वेत होता, साधा माणूस. त्याच्या हातात खण आणि नारळ देऊन तिने बजावलं, बातमी घेऊन जी येईल तिलाच द्यायचा, सगळ्यांसमोर. ती कोण येणार, हे तिने मनात पक्कं केलं होतं.

पहाटे कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी प्रमिला अडलेलीच. लंकाबाई डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, पोर नाजूक आहे, थिएटर तयार ठेवते. बाईंनी ठोके ऐकले. "ठोके छान आहेत, लंकाबाई. घाई नको. तुम्ही लेकीजवळ बसा."

लंकाबाई हो म्हणाली आणि थिएटरमध्ये गेली. तिने हत्यारं उकळली, ट्रे मांडला, टेबल पुसलं. मग पुन्हा पुसलं. पलीकडून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि ही देवाला विनवत होती की बाळ सुखरूप येऊ दे, पण इथूनच येऊ दे. आपण काय मागतोय हे कळून तिची तिलाच लाज वाटली, तरी पाय काही तिथून हलेनात.

दिवेलागणीला बाळ रडलं, पण कळांच्या खोलीत. लंकाबाई धावत वऱ्हांड्यात पोचली तेव्हा सुलाबाई दुपट्यात गुंडाळलेली मुलगी निवृत्तीला दाखवत होती. आणि सासूची आज्ञा पाळणाऱ्या त्या भल्या माणसाने, चार लोकांसमोर, तो हिरव्या काठाचा खण सुलाबाईच्या हातावर ठेवला. लंकाबाईच्या अंगाची नुसती लाही झाली.

ती तशीच फणकाऱ्याने आत गेली. मागोमाग सुलाबाई बाळाला घेऊन आली आणि प्रमिलाच्या कुशीत ठेवू लागली. प्रमिला थकली होती, पण उठून बसली होती. टाका नाही, गुंगी नाही.

"आई, कुठं होतीस गं तू?" ती म्हणाली. "तुला किती हाका मारल्या. शेवटी सुलामावशीचा हातच धरून ठेवला मी."

लंकाबाईने सुलाबाईच्या मनगटाकडे पाहिलं. प्रमिलाच्या नखांचे ओरखडे उमटले होते, एका ठिकाणी रक्तही आलं होतं. खणाचं दुःख लंकाबाई विसरून गेली. आता तिला हेवा वाटत होता तो त्या ओरखड्यांचा. आपले हात तिने पदराखाली घेतले.